मधलं घड्याळ

आमच्या दैनिकाच्या पाचव्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, हवामान आणि शब्दकोडं यांच्यामध्ये एक चौकट असते. ती माझी. आजच्या तारखेला पूर्वी काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं, मैदानावर कुणी काय करून दाखवलं, एवढं तिच्यात येतं. बावीस वर्षं मी ती भरतेय. कचेरीत मला 'तारीखबाई' म्हणतात. सुरुवातीला राग यायचा. आता कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर मीच मागे वळून बघत नाही.

लोकांना वाटतं, त्यात काय एवढं, कुठल्यातरी पुस्तकातून उतरवून काढायचं. एकदा करून बघा म्हणावं. माझ्या टेबलामागे बारा खणांचं कपाट आहे, महिन्याला एक खण. खणात तारखेप्रमाणे पाकिटं, पाकिटात कार्डं. कार्डाच्या पुढच्या बाजूला ओळ आणि मागच्या बाजूला त्या ओळीचे आधार. आधार निदान दोन हवेत, आणि एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलेलं नको, हा माझा नियम. तो मोडायची मुभा मी कुणालाही देत नाही. संपादकसाहेबांनी एकदा त्यांच्या सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेल्या धरणाची ओळ आणली होती. मी आधार मागितले. साहेब म्हणाले, "सासूबाई सांगतात." मी म्हटलं, "त्या एक झाल्या. दुसरा?" तेव्हापासून साहेब माझ्या टेबलापाशी फारसे रेंगाळत नाहीत, आणि माझं कामही वेळेवर संपतं.

तारखांचंही माणसांसारखंच असतं. काही गर्भश्रीमंत. लढाया, तह, शोध, दोन-तीन थोरामोठ्यांचे जन्म, सगळं एकाच दिवशी. कुणाला घ्यावं आणि कुणाला वगळावं, डोकं पिकतं. काही तारखा इतक्या कंगाल, की कुठल्याशा नगरपालिकेनं रस्त्यावर पहिला दिवा लावला हेही गोड मानून घ्यावं लागतं. माझ्या वडिलांच्या जन्माची तारीख खाऊनपिऊन सुखी म्हणावी अशी. एक पूल, एक गणितज्ञ, गादीवर पाणी सोडलेला एक राजा, धक्क्याला बांधलेलं असतानाच बुडालेलं एक जहाज. आणि शेवटची ओळ आमच्याच शहरातली: विभागीय स्पर्धेत महिलांची आठशे मीटरची शर्यत दोन मिनिटं नऊ पॉइंट चार सेकंदांत जिंकून नवा विक्रम.

छापताना त्या ओळीत धावपटूचं पूर्ण नाव असतं. पण सगळं शहर तिला भिंगरी म्हणतं, म्हणून मीही इथे तेच म्हणते. चौतीस वर्षांपूर्वी ती अठरा वर्षांची होती. त्या दिवशी बाबांना सेहेचाळीस पूर्ण झाली होती आणि ते मैदानावर, शेवटच्या रेषेपाशी, पांढरी टोपी घालून, हातात स्टॉपवॉच घेऊन उभे होते. तीन टाइमकीपरांपैकी एक. त्यामुळे ती ओळ आमच्या घरात अर्धी बाबांच्या मालकीची समजली जायची.

बाबा मोजणी खात्यात नकाशे काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर वेळा घ्यायचे. स्वभाव विचाराल तर त्यांच्याइतका तंटा टाळणारा माणूस मी पाहिला नाही. आई म्हणायची, "ह्यांना 'आणखी वाढू?' विचारलं तरी 'चालेल' म्हणतात, आणि 'पुरे करू?' विचारलं तरी 'चालेल'." दोन आत्या एकदा एका जुन्या आरशावरून इरेला पेटल्या, तेव्हा बाबांनी तो आरसा तिसऱ्याच घरी, म्हणजे आमच्याकडे, आणून ठेवला. दोघी आत्या मिळून बाबांवर रुसल्या. बाबा खूश. निदान त्या दोघी बोलायला तरी लागल्या, म्हणाले.

आई गेल्यापासून आम्ही दोघंच. दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, संध्याकाळच्या चहाच्या वेळी, मी त्यांना त्यांची चौकट वाचून दाखवते. छापायच्या आधी घरात कुणाला काही वाचून दाखवणं हे माझ्या नियमात बसत नाही, पण वडील एकच असतात. यंदा ऐंशी पूर्ण होणार म्हणून मी जरा ऐटीतच वाचायला घेतलं. पूल झाला, गणितज्ञ झाला, राजा झाला. जहाज बुडालं तेव्हा ते दरवर्षीप्रमाणे "अरेरे" म्हणाले नाहीत. मी शेवटची ओळ वाचली. कप बशीत ठेवत ते म्हणाले, "ती ओळ यंदा काढ."

"का? जागा हवी आहे? तुमचा जन्म छापायचा आहे का तिथे?"

"थट्टा नको. काढ ती."

"बाबा, एकवीस वेळा छापलीय मी ती. लोक फोन करतील. भिंगरीताई स्वतः करेल."

"तिचा सकाळीच आला होता," ते म्हणाले.

भिंगरी आता मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे. शाळेनं नवीन मैदान केलं होतं, आणि मैदानाच्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्या आकड्यांत तिची वेळ रंगवली होती. वर पडदा टाकायचा आणि बरोबर त्याच तारखेला, म्हणजे तीन दिवसांनी, तो उघडायचा. पडदा कुणी उघडायचा? तर त्या दिवशी वेळ घेणाऱ्या तिघांपैकी जे एकटे उरलेत त्यांनी. तिनं बाबांना फोनवर सांगितलं होतं, "काका, तुमचा वाढदिवस आणि माझा विक्रम एकदमच साजरा करू."

"मग चांगलंच आहे की," मी म्हटलं. "टोपी इस्त्री करून ठेवते."

"माझं घड्याळ चालूच झालं नव्हतं त्या दिवशी."

मला आधी कळलंच नाही. ते टेबलाकडे बघत सांगत राहिले.

"बार झाला. मी बटण दाबलं. म्हणजे दाबलं असं मला वाटलं. नजर पिस्तुलाच्या धुरावर ठेवायची असते, घड्याळाकडे बघायचं नसतं. पहिली फेरी संपली, घंटा वाजली, तेव्हा हातात बघितलं तर काटा जिथल्या तिथे."

"मग हात वर करायचा ना! सांगायचं, घड्याळ बंद पडलंय!"

"हो. एवढंच करायचं होतं. मला टाइमकीपरचं पहिल्या वर्गाचं प्रमाणपत्र मिळून महिनाही झाला नव्हता. लाज वाटली. म्हटलं शर्यत संपल्यावर बाजूला घेऊन सांगू. पण ती आली तशी लोकच आत घुसले. मुख्य टाइमकीपरांना खरं तर घड्याळ दाखवायचं असतं. त्या गोंधळात त्यांनी नुसतं विचारलं. पहिला म्हणाला, नऊ पॉइंट तीन. दुसरा म्हणाला, नऊ पॉइंट सहा. मग माझ्याकडे बघितलं."

"आणि तुम्ही चार म्हणालात."

"चार म्हणालो."

"चारच का?"

"मधलं काहीतरी म्हणायचं होतं. मधलं म्हटलं की कुणाचं काही बिघडत नाही, असं वाटलं."

इथे थोडा नियम सांगायला हवा, नाहीतर बाबांनी काय करून ठेवलं ते कळायचं नाही. तीन घड्याळांपैकी दोन सारखी असली तर ती वेळ धरतात. तिन्ही वेगळी असली तर मधली धरतात. आणि दोनच घड्याळं चालू असली तर त्यातली जास्तीची वेळ धरतात. आधीचा विक्रम नऊ पॉइंट पाचचा होता, दुसऱ्या शहरातल्या एका नर्सचा. बाबांनी हात वर केला असता तर भिंगरीची वेळ नऊ पॉइंट सहा लागली असती. शर्यत तिनंच जिंकली असती, त्यात वाद नाही, पण विक्रम झाला नसता. बाकीच्या दोघांच्या घड्याळांतलं काहीच धरलं गेलं नाही. धरलं गेलं ते फक्त बाबांच्या घड्याळातलं, ज्यात काही नव्हतंच. कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा माणूस नेमका मध्ये जाऊन उभा राहिला होता.

"आणि चौतीस वर्षं गप्प बसलात?"

"तिचा चेहरा बघितला असतास त्या दिवशी. मग म्हटलं, उद्या कुणीतरी हा विक्रम मोडेलच, आपोआप मिटेल. वाट बघत राहिलो. पुढे विजेवरची घड्याळं आली आणि हातघड्याळांच्या वेळांची यादीच बंद केली. म्हणजे आता तो मोडणं शक्यच नाही. कायमचा पहिला. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. पण बोलायचं कसं? आणि आता तो पडदा माझ्या हातानं..."

मला भयंकर राग आला. लपवत नाही. आधी भिंगरीसाठी आला असता तर बरं दिसलं असतं, पण तो माझ्यासाठी आला. बावीस वर्षं मी सगळ्या शहराला दोन दोन आधार मागत बसले, साहेबांच्या सासूबाईंनाही सोडलं नाही, आणि माझ्या चौकटीतली सर्वांत लाडकी ओळ माझ्याच वडिलांनी हवेतून काढलेली. कार्डाच्या मागे आधार म्हणून काय लिहिलं होतं मी? एक, स्पर्धेचं निकालपत्र. दोन, टाइमकीपर, प्रत्यक्ष साक्षीदार.

"नाही काढणार," मी म्हटलं. "तुम्ही एकटे सांगताय. कागद तुमच्या विरुद्ध आहे. एका आधारावर मी ओळ घालत नाही, तशी काढतही नाही."

बाबा म्हणाले, "बरं." आणि उठून कप धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत मैदानी खेळांच्या संघटनेच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं "आलात का मॅडम तारखा शोधायला" म्हणत एक फाईल काढून दिली. निकालपत्र पिवळं पडलं होतं, पण शाई शाबूत. तीन रकाने. तीन. सहा. चार. तिसऱ्या रकान्याखाली बाबांची सही. नकाशावर गावांची नावं घालावीत तशी नीटस, एकही अक्षर न हललेली. मुख्य टाइमकीपरांनी चारभोवती गोल केला होता.

खरं सांगते, मला बरं वाटलं. कागद बोलत होता, आणि कागदापुढे ऐंशी वर्षांच्या माणसाच्या आठवणीला काय किंमत? वयानं माणसाच्या डोक्यात काहीबाही येतं, असंही मनात आलं. मी फाईल मिटली आणि जिना उतरले. खाली येईपर्यंत स्वतःची शरम वाटायला लागली, कारण बाबांच्या डोक्यात काहीबाही येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. ते अजून पेपरातलं कोडं पेनानं सोडवतात.

घरी आले तर ते नेहमीच्या खुर्चीत. मी कुठे गेले होते ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आम्ही भाजीबद्दल बोललो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आवरून बाहेर आले तर बाबा बूट घालून दाराशी बसलेले. बुटांना पॉलिश केलेलं. टोपी नव्हती.

"मी भिंगरीला सांगायला चाललोय," ते म्हणाले. "उद्याच्या आत सांगायला हवं. तू येतेस की मी एकटा जाऊ?"

"बाबा, तिच्याकडे त्या एका गोष्टीशिवाय काय आहे? लग्न नाही, मूल नाही. प्रत्येक नव्या वर्गाला ती पहिल्या दिवशी ते आकडे सांगते. तुम्ही आता मन मोकळं करणार आणि ओझं तिच्या पाठीवर ठेवून येणार."

"असेल तसंही," ते म्हणाले. "पण या वेळी मी मधलं काही सांगणार नाही." आणि काठी घेऊन उठले. त्यांना जिन्यावरून एकटं कसं सोडणार? मी साहेबांना फोन करून उशिरा येते म्हटलं. साहेबांनी विचारलं, "उद्याची चौकट?" मी म्हटलं, "एक ओळ अडलीय." साहेबांना धक्काच बसला असावा, कारण ते "घ्या, घ्या, वेळ घ्या" म्हणाले.

शाळेच्या मैदानावर मुली धावत होत्या. भिंगरी मैदानाच्या मध्यभागी, गळ्यात शिट्टी, डोक्यावर पिकलेल्या केसांचा घट्ट अंबाडा, उजवा पाय किंचित ओढत फिरत होती. भिंतीपाशी पडदा अजून गुंडाळलेलाच होता. शिडीवर रंगारी, आणि त्याच्या पुढ्यात ते आकडे, लालभडक. मी कधी कुणाच्या विक्रमाला घाबरले नव्हते. त्या भिंतीला घाबरले.

"काका! अहो, उद्या या म्हटलं होतं, आजच आलात?" ती लांबूनच ओरडली. "ऐंशीला एक दिवस घाईनं पोचायचं ठरवलंत का?" मग तिनं माझा चेहरा बघितला आणि मुलींना शिट्टी मारून पाणी प्यायला पाठवलं.

आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो. बाबा बसले नाहीत, काठी धरून उभेच राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्याच क्रमानं. बटण, घंटा, काटा, तीन, सहा, चार. शब्द कमी केले नाहीत, वाढवलेही नाहीत. भिंगरी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"म्हणजे नियमानं सहा," बाबांचं संपल्यावर ती म्हणाली.

"सहा."

"दोन नऊ सहा."

"हो. मी गुन्हेगार आहे तुझा."

शिडीवरून रंगाऱ्यानं विचारलं, "बाई, चारला आणखी एक हात देऊ का?" कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यानं देऊन टाकला.

मला वाटलं, आता ही रडेल. किंवा बाबांना नको ते बोलेल, आणि मला ते मुकाट्यानं ऐकावं लागेल. पण ती समोर मैदानाकडे बघत होती, भुवया आवळून, मनातल्या मनात हिशेब करावा तशी.

"सरांच्या घड्याळात सहा होते," ती म्हणाली.

सर म्हणजे तिचे त्या वेळचे प्रशिक्षक. ते अधिकारी नव्हते, त्यामुळे त्यांच्या घड्याळाला कुणी विचारलं नव्हतं. ते दोरीच्या बाहेर, शेवटच्या रेषेच्या समोरच उभे असायचे.

"मी धावत गेले त्यांच्याकडे. म्हटलं, सर, विक्रम! सरांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, छान धावलीस, पण माझ्याकडे सहा आहेत, आपण सहाच धरून चालू. मी काय म्हणाले माहितीय? म्हटलं, सर, तुमचं घड्याळ भंगारात द्या." ती हसली, पण ते हसू पुरतं झालं नाही. "पुढची चार वर्षं मी त्या चारच्या मागे लागले, काका. सहा यायचे. सात यायचे. परत सहा. परत सहा. मला कळेचना माझं काय बिघडलंय. पहाटे दुप्पट धावायला लागले. जेवण तोडलं. मैत्रिणी तोडल्या. सर म्हणायचे, तू उत्तम धावतेयस, हळूहळू खाली आणू, घाई करू नकोस. मला वाटायचं, हे माझी समजूत घालतायत. मी संपलेय हे ह्यांना दिसतंय आणि तोंडावर सांगत नाहीत. गुडघा गेला तो त्याच जास्तीच्या धावण्यात. शेवटी एक दिवस सगळ्यांसमोर सरांना म्हटलं, तुमच्या शिकवण्यानं मी मंदावले. आणि दुसऱ्यांकडे गेले. तिथेही सहाच. तुमच्याच पेपरात मथळा होता, 'भिंगरी मंदावली'. बावीस वर्षांची होते मी. बूट काढले आणि परत घातले नाहीत."

बाबा काही म्हणू पाहत होते, पण तिनं त्यांना बोलू दिलं नाही.

"काका, मी मंदावले नव्हते," ती म्हणाली. "मी तेवढीच धावत होते. दर वेळी तेवढीच."

तीन दिवस मी एकाच गोष्टीला भीत होते, की हिच्याकडून आपण काहीतरी काढून घेणार. काढून घेतलं होतं ते केव्हाच, त्या टाळ्यांच्या गजरात, आणि आम्ही दरवर्षी त्याची आठवण करून देत होतो. एकवीस वेळा तर मी स्वतःच्या हातानं.

"मला वाटलं होतं, तुझं भलं झालं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. "तेवढं एक समाधान होतं."

"भलं!" ती ताडकन उठली, आणि गुडघ्यानं आठवण करून दिली तशी पुन्हा बसली. "रागवायचंय मला तुमच्यावर. खूप रागवायचंय. पण ते आज नाही जमणार." तिनं डोळे पुसले आणि शिडीकडे वळून ओरडली, "ए दादा! तो चार खोड. सहा कर."

"आत्ता दुसरा हात दिला, बाई."

"मग तिसरा दे. सहा कर म्हटलं ना." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तू पण कर."

"ताई, सहा केले तर तो विक्रमच राहत नाही. माझ्या चौकटीत बसत नाही."

"नको बसू दे. शर्यत जिंकले होते की नाही? माझ्या मुलींना तेवढं पुरे. भिंतीला कुठे चौकट आहे. त्या नर्सबाईंना कळवायला हवं गं. असल्या तर. नसल्या तर त्यांच्या घरच्यांना. त्यांची ओळ आपण खाऊन बसलोय."

"त्यांची तारीख आठ महिन्यांनी येते. शोधते तोवर."

"आणि काका, उद्या पडदा तुम्हीच उघडायचा. आला नाहीत तर घरी येऊन उचलून नेईन."

बाबांनी मान हलवली. 'चालेल' म्हणाले नाहीत, "येतो" म्हणाले.

खरं तर मी तिथेच उठायला हवं होतं. पण सवय वाईट. मी विचारलं, "ताई, सरांकडे त्या वेळची काही नोंद असेल का? माझ्याकडे अजून बाबा एकटेच आहेत."

"सर रोज वहीत लिहायचे," ती म्हणाली आणि तिनं फोन काढला. "तीस वर्षं झाली आम्ही बोललेलो नाही. मागे एका लग्नात समोरासमोर आलो, तर मी दुसऱ्या दारानं बाहेर पडले. त्यांच्या घरचा नंबर आहे माझ्याकडे. फोन बदलला की दर वेळी नवीन फोनमध्ये घालून ठेवते. लावत नाही."

तिनं तो लावला. फोन पायरीवर ठेवून आवाज मोठा केला. बराच वेळ वाजल्यावर एका बाईंनी उचलला. "वहिनी, सर आहेत का?" एवढंच तिला जमलं. बाईंनी कोण म्हणून विचारलं नाही. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलांचा, सावकाश, मग श्वासाचा.

"बोला."

"सर, मी भिंगरी."

मुली पाणी पिऊन परत आल्या होत्या आणि बाईंना असं बसलेलं बघून लांबच उभ्या राहिल्या होत्या.

"सर, तुमचं घड्याळ बरोबर होतं."

"दोन नऊ सहा," म्हातारा आवाज म्हणाला. "वहीत आहे." आणि कालच सरावाला भेटल्यासारखं, त्यांनी विचारलं, "गुडघा कसा आहे?"

भिंगरीनं फोन उचलून कानाला लावला आणि आमच्याकडे पाठ केली. बाबा माझा हात धरून उभे होते, घट्ट, लहानपणी रस्ता ओलांडताना मी त्यांचा धरायची तसा. ती एकेक सांगत होती, जिना उतरताना दुखतो सर, थंडीत जास्त, उजवाच, हो सर, तोच. सांगता सांगता रडत होती, आणि मध्येच म्हणत होती, "नाही सर, शेकलं नाही. शेकते. आज शेकते."